२०२४ मधले माझे आवडते दहा चित्रपट : यादी करतानाच्या नोंदी

७ जानेवारी २०२४, रविवार

गेल्या ३१ डिसेंबरच्या रात्री वर्षातल्या आवडत्या दहा चित्रपटांची यादी करायला बसले होते. सगळी आठवणीवर. अर्ध्या तासात झाली. सकाळी वाचली तेव्हा लक्षात आलं, दहापैकी सात चित्रपट ऑक्टोबरपासून पुढे पाहिलेले. वर्षभरात पन्नासच्या वर पाहिले होते, मग आधीच्या नऊ महिन्यांत आवडलेले तीनच? जुनी तिकिटं एका डब्यात टाकते, तो डबा उपडा केला. एप्रिलच्या एका तिकिटावरचं नाव वाचून पोटात कालवलं. तो चित्रपट संपल्यावर मी बसस्टॉपवर नुसती बसून राहिले होते, दोन बस सोडल्या होत्या. आणि यादीत त्याचा पत्ता नव्हता.

तर या वर्षी हे काम पहिल्यापासून आणि नीट करायचं. पद्धत ठरवली ती अशी : प्रत्येक चित्रपटाची नोंद त्याच रात्री मोबाइलमध्ये, पाचपैकी तारे, आणि डिसेंबरअखेर ताऱ्यांच्या क्रमाने वरचे दहा उचलायचे. कोणी असंच काही करायच्या विचारात असेल तर त्याला उपयोग व्हावा म्हणून चुकांसकट लिहीत जाणार आहे.

१८ फेब्रुवारी

'भ्रमयुगम'. पूर्ण कृष्णधवल, जुना वाडा, पाऊस, आणि मामुट्टी. फाशांच्या खेळात समोरच्याचं आयुष्यच डावावर लावून घेणारा तो म्हातारा बघताना अंगावर काटा आला.

आज एक चूक केली. काही सुटू नये म्हणून चित्रपट चालू असतानाच मोबाइलवर लिहायला घेतलं. पडदा मुळात काळोखा, त्यात माझ्या मोबाइलचा उजेड. शेजारच्या बाईंनी दोनदा वळून पाहिलं, तिसऱ्यांदा म्हणाल्या, "अहो, बंद करा ना ते." त्यांचं बरोबरच होतं. मग मध्यंतरानंतर कागदावर अंधारात लिहून पाहिलं. घरी आल्यावर त्यातलं एक अक्षर लागेल तर शपथ.

आता आत असताना काहीच लिहायचं नाही. बाहेर पडताना, पायऱ्या उतरता उतरता तीन शब्द मनाशी पक्के करायचे आणि घरी त्या तीन शब्दांवरून नोंद करायची. आजचे तीन : फासे, भिजलेली भिंत, भूक.

३ मार्च

शुक्रवारी 'लापता लेडीज' आणि 'ड्यून : पार्ट टू' एकाच दिवशी लागले. काल 'ड्यून', आज 'लापता लेडीज'. दोन्हींना चार तारे दिले आणि इथेच काहीतरी चुकतंय असं वाटलं, पण पुढे गेले.

'लापता लेडीज'मधला एक क्षण सविस्तर लिहून ठेवते. काळ २००१ सालचा. आगगाडीत सारख्याच घुंघटातल्या दोन नवऱ्या मुली, आणि अंधारात दीपक दुसरीचाच हात धरून उतरतो. हरवलेल्या बायकोचा शोध घ्यायला तो पोलिसांकडे जातो आणि तिचा एकमेव फोटो पुढे करतो. फोटोत ती घुंघटात आहे, चेहरा दिसतच नाही. सगळं थिएटर हसलं, मीही हसले. पण तो पोरगा खरोखर कासावीस झालेला असतो. ज्या मुलीवर त्याचा एवढा जीव आहे ती कशी दिसते हे त्याला जगाला दाखवता येत नाही, आणि यात आपलं काही चुकलं हे त्याच्या गावीही नाही. किरण राव यांनी हे कुठेही बोलून दाखवलेलं नाही. फोटो पुढे केला, बस्स.

२४ मार्च

तारे बंद.

आतापर्यंत १४ चित्रपट झाले, त्यातल्या नऊंना चार तारे. नोंदी समोर ठेवून कारण शोधलं. मी तारे देते ते त्या दिवशीच्या माझ्या अवस्थेला. दिवसभर दमून पाहिलेल्या 'मंजुम्मेल बॉइज'ला साडेतीन. झोप पूर्ण झालेल्या रविवारी पाहिलेल्या एका बेताच्या चित्रपटाला चार. शिवाय पाच तारे द्यायला मी घाबरते, उगाच पुढे याहून चांगला आला तर म्हणून राखून ठेवते. असं केलं की सगळी गर्दी साडेतीन ते चारच्या मध्ये होते आणि क्रम लागत नाही.

नवी पद्धत : जोडी लावायची. नवा चित्रपट आला की यादीच्या बरोबर मधल्या चित्रपटाशी तुलना करायची. दोघांपैकी एकच पुन्हा पाहता येणार असेल तर कोणता? उत्तराप्रमाणे वरच्या किंवा खालच्या अर्ध्या भागात जायचं आणि तिथल्या मधल्याशी तुलना करायची. यादीत १५ चित्रपट असतील तर चार प्रश्नांत नव्याची जागा सापडते. जुने १४ या पद्धतीने लावायला दीड तास गेला.

'मंजुम्मेल बॉइज' तेराव्यावरून चौथ्यावर आला. २००६ मध्ये कोडाईकनालच्या गुणा गुहेत खरंच घडलेली घटना : मित्रांच्या टोळक्यातला एक जण खोल कपारीत पडतो, आणि दुसरा त्याच्यासाठी खाली उतरतो. हे पोरगे गावी रस्सीखेच खेळणारे. शेवटी त्यांच्या हातात खरा दोर येतो तेव्हा आधीच्या त्या खेळाचा अर्थ लागतो. त्या दिवशी दमलेली मी होते, चित्रपट दमलेला नव्हता.

१४ एप्रिल

जोड्यांच्या पद्धतीतही खोट निघाली. 'लापता लेडीज' हा 'मंजुम्मेल बॉइज'च्या वर. 'मंजुम्मेल बॉइज' हा 'अमरसिंग चमकीला'च्या वर. आणि आज सहज विचारून पाहिलं तर 'चमकीला' हा 'लापता लेडीज'च्या वर. चक्र झालं. कारण साधं होतं : 'चमकीला' परवाच पाहिलाय, दिलजित आणि परिणीती यांचं गाणं अजून कानात आहे. चित्रीकरणाच्या वेळी तिथेच गायलेली गाणी आहेत, श्वास लागलेलासुद्धा ऐकू येतो. असं ताजं काही असताना तुलना करायचीच नाही.

ठरवलं : चित्रपट पाहिल्यावर आठ दिवस तो यादीत शिरणार नाही. तुलना फक्त रविवारी सकाळी, चहाच्या आधी नाही.

५ मे

या महिन्यातला सर्वांत मोठा फटका. मोबाइल बंद पडला आणि १६ एप्रिलपासूनच्या नोंदी गेल्या. त्याआधीच्या ईमेलने स्वतःला पाठवल्या होत्या म्हणून वाचल्या. सहा चित्रपटांच्या नोंदी गेल्या, त्यातल्या दोघांची नावंसुद्धा ताईला विचारावी लागली. ती बरोबर होती म्हणून कळलं तरी.

आजपासून कागदी वही. दर रविवारी पानाचा फोटो ईमेलवर. गेलेल्या सहांपैकी चार पुन्हा पाहणार नाही. त्यांच्यावर अन्याय होतोय हे कळतंय, पण वेळ कुठून आणू? दोन पुन्हा पाहिले. साडेचार तास.

१९ मे

'द झोन ऑफ इंटरेस्ट' घरी लॅपटॉपवर पाहिला. नोंद : 'संथ. बागेत फिरतात, जेवतात, पोहतात. एवढं कौतुक कशाचं झालं ते कळलं नाही.' यादीत १७वा.

२ जून

वरची नोंद खोडत नाही, तशीच राहू दे. माझी या वर्षातली सर्वांत वाईट चूक ती आहे आणि दुसऱ्या कोणाची होऊ नये.

झालं असं की ताईने विचारलं, "भिंतीपलीकडचे आवाज ऐकून तुला झोप लागली?" मी म्हटलं, "कसले आवाज?" ती माझ्याकडे बघतच राहिली. मार्चमध्ये या चित्रपटाला ध्वनीसाठीचं ऑस्कर मिळालं होतं हे मला माहीत होतं, तरी मी तो लॅपटॉपच्या पत्र्यासारख्या स्पीकरवर, पंखा फिरत असताना, आवाज निम्मा ठेवून पाहिला होता.

काल रात्री चांगला हेडफोन लावून, पंखा बंद करून पुन्हा पाहिला. आउशवित्झच्या नाझी छावणीच्या अधिकाऱ्याचं घर, छावणीला लागून. त्याची बायको बागेतली फुलं दाखवते. पडद्यावर फक्त फुलं, भिंत आणि तिच्या वरून डोकावणारी छपरं. आणि कानात एक सतत चाललेली घरघर, भट्टीची. मध्येच कुत्र्याचं भुंकणं, एक किंकाळी, गोळीचा आवाज, पुन्हा घरघर. बाई बोलतच राहते. थोड्या वेळाने मला जाणवलं की ती घरघर मीही आता ऐकेनाशी झालेय. त्या क्षणी हेडफोन काढून मी उठून बसले. दिग्दर्शक जोनाथन ग्लेझर यांनी छावणीतले अत्याचार दाखवलेले नाहीत, सगळं कानांवर सोपवलंय. मी पहिल्या वेळी अर्धा चित्रपटच पाहिला होता आणि निकाल मात्र पूर्ण दिला होता.

वहीत नवा रकाना : 'कसा पाहिला'. पडदा कोणता, आवाज कशावर, सलग की तुकड्यांत, मध्ये कोणी उठलं का. मागच्या सगळ्या नोंदींना हा रकाना लावला तेव्हा कळलं की घरी पाहिलेल्या ११ पैकी सात मी तुकड्यांत पाहिलेत. त्यातला 'अमरसिंग चमकीला' दोन रात्रींत. जूनअखेर तो सलग पाहीन.

१६ जून

'महाराजा'. सलूनवाला पोलीस ठाण्यात येऊन 'लक्ष्मी चोरीला गेली' म्हणतो, आणि ही लक्ष्मी म्हणजे घरातला कचऱ्याचा डबा. विजय सेतुपती मार खातो, पैसे देऊ करतो, पण हटत नाही. काळ पुढेमागे करत कथा उलगडते आणि शेवटी सगळे तुकडे असे बसतात की माझ्या तोंडून आवाज निघाला. आठ दिवस थांबणं जड जाणार आहे.

२३ जून

'महाराजा' थेट दुसऱ्या क्रमांकावर.

१४ जुलै

आता जी सांगते ती पद्धत मला वाटतं या सगळ्या खटाटोपातली सर्वांत कामाची. योगायोगानेच सापडली.

ताई आजारी होती, तिला करमणूक म्हणून मी फेब्रुवारी-मार्चमध्ये पाहिलेल्या चित्रपटांच्या गोष्टी सांगत बसले. वही जवळ नव्हती. 'ड्यून'बद्दल सांगायला घेतलं आणि अडखळले. त्या अजस्र किड्यावरची वाळूतली स्वारी आठवते, खुर्ची थरथरली ते आठवतं, पण कोण कोणाशी का बिघडलं हे सांगताना माझीच गाडी अडली. 'लापता लेडीज'बद्दल मात्र अर्धा तास बोलले. स्टेशनवर चहाची टपरी चालवणारी मंजू माई मी तिच्या आवाजात बोलून दाखवली. ती भूमिका छाया कदम यांनी केलीय आणि चित्रपटात त्या किती थोडा वेळ आहेत हे मला नंतर कळलं. माझ्या आठवणीत त्यांनी निम्मा चित्रपट व्यापलाय.

म्हणून आता 'महिन्याची परीक्षा'. चित्रपट पाहिल्यावर तीस दिवसांनी, वही न उघडता, आठवतं ते लिहायचं. दहा मिनिटं, जास्त नाही. मग मूळ नोंदीशी ताडून पाहायचं. त्या रात्री 'अप्रतिम' लिहिलेलं आणि महिन्याने दोन ओळी, असं झालं तर खाली. त्या रात्री 'ठीक' लिहिलेलं आणि महिन्याने पान भरलं, तर वर.

आतापर्यंतच्या ३१ चित्रपटांना हे लावायला तीन रविवार गेले. वरच्या दहापैकी चार बदलले.

२८ जुलै

छोटी नोंद. आजच्या चित्रपटाची नोंद लिहिताना एक सुंदर वाक्य सुचलं. दहा मिनिटांनी लक्षात आलं, ते मी सकाळी एका परीक्षणात वाचलेलं आहे. खोडलं. यापुढे आधी माझी नोंद, मग परीक्षणं. ट्रेलरसुद्धा नको.

१८ ऑगस्ट

परवा ७०वे राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार जाहीर झाले. सर्वोत्कृष्ट चित्रपट 'आट्टम'. मला आनंद झाला, मी तो मार्चअखेर घरी पाहिलाय आणि माझ्या यादीत तो सहावा आहे. नाटकमंडळीतले बारा पुरुष आणि एक नटी. तिच्यावर रात्री हात टाकला गेलाय, कोणी ते नक्की नाही, आणि बारा जण न्याय करायला बसतात. मग परदेश दौऱ्याची संधी पुढे येते आणि एकेकाची भाषा कशी हळूहळू बदलते ते बघण्यासारखं आहे. आनंद एकर्शी यांनी जवळपास सगळं एका घरातल्या बैठकीत घडवलंय.

पण यात माझी पंचाईत झाली. हे पुरस्कार २०२२ या वर्षाचे आहेत, म्हणजे त्या वर्षी सेन्सॉर प्रमाणपत्र मिळालेल्या चित्रपटांचे. 'आट्टम' केरळात थिएटरमध्ये लागला तो जानेवारी २०२४ मध्ये. मग तो कोणत्या वर्षाचा? 'द झोन ऑफ इंटरेस्ट' फ्रान्समधल्या कान महोत्सवात दाखवला गेला मे २०२३ मध्ये, माझ्यापर्यंत पोहोचला एक वर्षाने. जानेवारीत मी याचा विचारच केला नव्हता.

चार पर्याय मांडले : निर्मितीचं वर्ष, महोत्सवातल्या पहिल्या खेळाचं वर्ष, थिएटरचं वर्ष, मी पाहिल्याचं वर्ष. पहिले दोन घेतले तर माझ्यासारख्या साध्या प्रेक्षकाची यादी कधीच पूर्ण होणार नाही, कारण महोत्सवातला चित्रपट आमच्यापर्यंत यायला वर्ष-दोन वर्षं लागतात. शेवटचा घेतला तर जुना कुठलाही चित्रपट यादीत शिरेल. म्हणून नियम असा : महोत्सवाचा पास नसलेल्या प्रेक्षकाला, म्हणजे मला, तो तिकीट काढून किंवा घरी पहिल्यांदा पाहता आला ते वर्ष. शंका असेल तर शेजारी महोत्सवाचं वर्ष लिहायचं. यापायी यादीतून तीन नावं गळाली, त्यात माझी फार आवडती एक होती. नियम जानेवारीत लिहून ठेवला असता तर त्या तिघांच्या मागे घालवलेला वेळ वाचला असता.

२५ ऑगस्ट

'कोट्टुक्काळी'. दिग्दर्शक पी. एस. विनोदराज. थिएटरमध्ये आम्ही नऊ जण. पार्श्वसंगीत अजिबात नाही. रिक्षाचं इंजिन, पाखरं, माणसांची भांडणं, एवढंच.

मीना दुसऱ्या जातीतल्या मुलावर प्रेम करते, म्हणजे हिला कोणीतरी झपाटलंय असं घरच्यांनी ठरवलंय. उतारा करणाऱ्याकडे तिला रिक्षातून नेतात. बरोबर बळी द्यायला कोंबडा. ज्याच्याशी तिचं लग्न ठरलंय त्या पांडीचा घसा बसलाय, गळ्याला चुना फासलाय आणि त्याच घोगऱ्या आवाजात तो सगळ्यांवर ओरडतोय. मीना जवळजवळ पूर्ण चित्रपटभर गप्प. अॅना बेन या अभिनेत्रीने नुसत्या बसण्यातून जे केलंय ते मी शब्दांत कसं लिहू?

शेवट येतो तेव्हा दिवे लागले आणि मागच्या रांगेतला एक जण मोठ्याने म्हणाला, "संपला?" मलाही क्षणभर तसंच वाटलं. त्या रात्रीची नोंद : 'शेवट अर्धवट.' आठ दिवस थांबायचा नियम केला होता ते बरं झालं.

२९ सप्टेंबर

'कोट्टुक्काळी'ची महिन्याची परीक्षा, पाच दिवस उशिराने. पावणेदोन पानं. दहा मिनिटं संपली तरी हात थांबेना. शेवट अर्धवट नाही. प्रश्न दिग्दर्शकाने पांडीपुढे आणि माझ्यापुढे ठेवलाय आणि तो उठून गेलाय. २२वरून तिसरा.

परवा 'घात' लागलाय, मराठी. गडचिरोलीच्या जंगलातला. बर्लिन महोत्सवात २०२३ मध्ये दाखवला गेला तेव्हापासून वाट पाहतेय. त्याच शुक्रवारी तमिळ 'मेय्यळगन'ही लागला. आज 'मेय्यळगन' पाहिला, 'घात' पुढच्या रविवारी.

६ ऑक्टोबर

'घात'चा माझ्या वेळेला जमणारा एकही खेळ उरलेला नाही. एक होता तो कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊचा. मी तमिळ चित्रपट आधी पाहिला कारण तो उतरेल अशी भीती वाटली, आणि उतरला मराठीच. फार वाईट वाटलं. ज्यांना यादी करायचीय त्यांनी लहान मराठी चित्रपट पहिल्या शनिवार-रविवारीच पाहावा, मोठे थांबतात.

वहीच्या शेवटच्या पानावर 'राहून गेलेले' असं नवं सदर केलं. 'घात' तिथे पहिला. यादीत नाही याचा अर्थ आवडला नाही असा कोणी घेऊ नये.

१३ ऑक्टोबर

'मेय्यळगन'बद्दल ताईशी वाद झाला. ती म्हणाली, छान आटोपशीर आहे. मी म्हटलं, आटोपशीर? जवळजवळ तीन तास! मग उलगडा झाला. प्रदर्शनानंतर काही दिवसांतच त्यातली सुमारे १८ मिनिटं कापली गेली. मी पहिल्या रविवारी लांब आवृत्ती पाहिली, तिने नंतर कापलेली. आम्ही दोघी दोन वेगळ्या चित्रपटांवर भांडत होतो.

यातली गोष्ट अशी : अरविंद स्वामी वीसेक वर्षांनी तंजावरला बहिणीच्या लग्नाला येतो. कार्थी त्याला चिकटतो, त्याच्याबद्दल सगळं जाणतो, खाऊ घालतो, रात्री घरी नेतो. आणि पाहुण्याला या माणसाचं नावच आठवत नाही. विचारायची लाज वाटते. एवढं प्रेम करणाऱ्याला 'तू कोण रे?' कसं विचारणार? मला ती लांबलेली रात्र हवी होती. नाव न आठवण्याची ती ओशाळगत वेळ गेल्याशिवाय अंगात भिनत नाही.

'कसा पाहिला' या रकान्यात आता 'कोणती आवृत्ती' हेही. यादीतला क्रमांक मी पाहिलेल्या लांब आवृत्तीचा.

२० ऑक्टोबर

'पाणी'. आदिनाथ कोठारे यांनी दिग्दर्शनही केलंय आणि हनुमंत केंद्रे यांची भूमिकाही. नांदेड जिल्ह्यातल्या नागदरवाडीची खरी गोष्ट : गावात पाणी नाही म्हणून मुली द्यायला कोणी तयार नाही, हनुमंतचं लग्न त्यापायी अडतं आणि तो गाव कामाला लावतो. याला पर्यावरणविषयक राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता, २०१८ सालच्या चित्रपटांमधला. थिएटरमध्ये आला परवा, १८ ऑक्टोबरला. ऑगस्टमध्ये नियम केला नसता तर आज पुन्हा डोकं धरून बसले असते. माझ्या नियमाने हा २०२४चा.

मध्यंतरानंतर थोडा सरळसोट होतो. पण कोरड्या आडात पोहरा खरवडल्याचा आवाज येतो तसं काहीतरी हा चित्रपट घशात ठेवून जातो. घरी येऊन मी गार पाण्याचा पेला हातात धरून थोडा वेळ तशीच उभी राहिले.

३ नोव्हेंबर

वरच्या पंधरांपैकी जमतील ते दुसऱ्यांदा पाहायचे ठरवले. एकूण नऊ जमले. बहुतेक आपल्या जागी राहिले, 'महाराजा' राहिला नाही. रहस्य माहीत झाल्यावर मी माणसांकडे पाहायला लागले, आणि एका मुलीवरचा अत्याचार शेवटच्या धक्क्यासाठी राखून ठेवलेला दिसला तेव्हा मला नीट बसवेना. विजय सेतुपती अजूनही तितकाच थोर वाटला. पण दुसरा क्रमांक गेला.

२४ नोव्हेंबर

'ऑल वी इमॅजिन अॅज लाइट' शुक्रवारी लागला. पायल कपाडिया. मेमध्ये कान महोत्सवात ग्राँ प्री हा पुरस्कार मिळाला, तिथल्या मुख्य स्पर्धेत ३० वर्षांनी भारतीय चित्रपट होता. मी मेपासून एकही परीक्षण वाचलेलं नाही, कटाक्षाने.

आणि आज सुरुवातीलाच घोळ. पडद्याच्या खालच्या कडेला उपशीर्षकांची दुसरी ओळ कापली जात होती. संवाद बराचसा मल्याळम, मला एक शब्द कळत नाही. सगळे गप्प बसलेले. पाच मिनिटं वाट पाहिली, मग उठून बाहेर गेले, तिथल्या मुलाला शोधला, त्याने वर सांगितलं. चित्र नीट व्हायला एकंदर बारा मिनिटं गेली. उठायचं ते लगेच उठा, एवढंच सांगते. शनिवारी पुन्हा जाणार.

१ डिसेंबर

काल पुन्हा गेले, पहिल्या मिनिटापासून. कालचं लिहिते.

प्रभा मुंबईतल्या रुग्णालयात नर्स. नवरा जर्मनीत, फोनही येत नाही. एक दिवस पत्त्यावर खोकं येतं, आत भात शिजवायचं यंत्र, लाल, जर्मन बनावटीचं. पाठवणाऱ्याचं नाव नाही. रात्री, बाहेर पाऊस असताना, ती ते खालून ओढून काढते, जमिनीवर बसते आणि दोन्ही पायांच्या मध्ये घेऊन त्याला मिठी मारते. कनी कुस्रुतीचा चेहरा फार दिसतही नाही. खोलीत निळसर उजेड. माझ्या दोन खुर्च्या पलीकडे बसलेल्या आजींनी अगदी हळू "अगं बाई" म्हटलं.

आणि पार्वती. पुन्हा छाया कदम! रुग्णालयात स्वयंपाक करते, नवरा गेल्यावर घराचा कागद तिच्याकडे नाही म्हणून बिल्डर तिला बाहेर काढतोय. इतकी वर्षं त्या घरात राहिली, आणि राहिल्याचा पुरावा काही नाही. ती रत्नागिरीकडे गावी परत जाते. एकाच वर्षात मंजू माई, 'मडगाव एक्सप्रेस'मधली कांचन कोंबडी आणि ही पार्वती. या वर्षाचा अभिनेता किंवा अभिनेत्री अशी एक ओळ मी यादीखाली लिहिणार आहे, आणि ती त्यांचीच.

२९ डिसेंबर

दोन रविवार बसून शेवटचा क्रम लावला. हिशेब : ५८ चित्रपट, त्यांपैकी २६ थिएटरमध्ये. पाहण्यात साधारण १३० तास. दुसऱ्यांदा पाहण्यात आणखी २२. नोंदी, परीक्षा आणि तुलना यांत ३० तास, त्यातले निदान दहा तारे आणि हरवलेल्या नोंदींपायी वाया.

नवव्यापर्यंत अडचण आली नाही. दहाव्या जागेसाठी 'भ्रमयुगम' आणि 'महाराजा'. जोडीचा प्रश्न विचारला, दोन दिवस दोन वेगळी उत्तरं. शेवटी दोघांच्या महिन्याच्या परीक्षांची पानं शेजारी ठेवली. 'महाराजा'च्या पानावर पूर्ण कथा होती, बिनचूक. 'भ्रमयुगम'च्या पानावर कथा थोडी चुकलेली, पण भिंतीवरून ओघळणारं पाणी, ताटातलं मांस, फासे पडतानाचा आवाज, असं पान भरून होतं. 'भ्रमयुगम' घेतला.

१. ऑल वी इमॅजिन अॅज लाइट
२. द झोन ऑफ इंटरेस्ट (महोत्सव २०२३)
३. कोट्टुक्काळी
४. लापता लेडीज
५. मेय्यळगन (लांब आवृत्ती)
६. आट्टम (प्रमाणपत्र २०२२)
७. मंजुम्मेल बॉइज
८. अमरसिंग चमकीला
९. पाणी (राष्ट्रीय पुरस्कार २०१८चा)
१०. भ्रमयुगम

वर्षाची अभिनेत्री : छाया कदम.
राहून गेलेले : घात, आणि आणखी अकरा.

महिन्यांप्रमाणे मोजलं. दहापैकी सहा एप्रिलअखेरपर्यंत प्रदर्शित झालेले किंवा मी पाहिलेले, ऑक्टोबरपासून पुढचे दोन. गेल्या वर्षी सात होते.

वहीचे रकाने, कोणाला हवे असतील तर : तारीख, तीन शब्द, कसा पाहिला, कोणती आवृत्ती, आठ दिवसांनंतरची जागा, महिन्याची परीक्षा.

३१ डिसेंबर

'ऑल वी इमॅजिन'ची महिन्याची परीक्षा कालच्या तारखेला होती, म्हणजे यादी एक दिवस आधी लावून मी माझाच नियम मोडला होता. आज घेतली. वही मिटलेली, घड्याळ लावलं. पहिलीच ओळ उतरली ती त्या लाल भांड्याची नव्हती, पलीकडच्या आजींच्या "अगं बाई"ची होती. मग भांडं आलं, मग पाऊस, मग पार्वती. तीन पानं.

क्रम तोच राहिला.